नाकोहून माघारी



सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या घरांत दोनच बेत ठरतात. गावाला जायचं, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाला. २०२४ च्या रमजान ईदनंतर मात्र आम्ही तिसराच बेत केला. आम्ही सहा जण घरासारखी बांधलेली गाडी घेऊन चिखलीहून निघालो ते थेट हिमाचलातल्या स्पितीच्या दिशेने. स्पिती काही आम्हाला दिसलं नाही. ते का दिसलं नाही, हेच या महिन्यात सांगायचं आहे.

आधी अब्बांबद्दल सांगते. अब्बा म्हणजे माझे सासरे. मूळचे कराडकडचे. १९८१ साली भोसरीच्या एमआयडीसीत एका फोर्जिंगच्या कारखान्यात लागले आणि २०१५ साली निवृत्त झाले. चौतीस वर्षं लालभडक लोखंड हातोड्याखाली धरलं. त्याची निशाणी म्हणून डाव्या कानाने कमी ऐकू येतं. सुरुवातीला सायकलने जायचे. पुढे कारखान्याचं काम चाकणला गेलं, तेव्हा कंपनीच्या बसने. ट्रकचे, टेम्पोचे सुटे भाग त्यांच्या हाताखालून गेले आणि त्या गाड्या देशभर फिरल्या. अब्बा मात्र मुंबई आणि कराड सोडून कुठे गेले नाहीत. रजा घ्यायची नाही, हा त्यांचा नेम होता. निवृत्तीच्या दिवशी शिल्लक रजेचे पैसे मिळाले, तेव्हा बक्षीस मिळाल्यासारखे खूश झाले होते. त्या पैशांत माझ्या नणंदेचं लग्न झालं.

चाकण चौकात सकाळी शिफ्टच्या वेळी उभं राहिलं तर कामगारांच्या बसची रांग संपत नाही. त्यात ट्रॅव्हलर गाड्या खूप. ही आपल्या आकुर्डीच्या कंपनीची गाडी, पूर्वीची बजाज टेम्पो, २००५ पासून फोर्स मोटर्स. अशीच कंपनीची कामगार वाहणारी एक जुनी ट्रॅव्हलर मिस्टरांच्या खालाजाद भावाने विकत घेतली. त्याचं भोसरीत गाड्यांची बॉडी बांधायचं वर्कशॉप आहे. आसनं काढून त्याने तिचं घर केलं. गाडीची मूळ रचना बदलायची तर आरटीओची परवानगी लागते. ते कागदपत्र आधी पूर्ण केले, मग वेल्डिंगला हात लावला. कुणाच्या मनात असं काही असेल तर हाच क्रम ठेवा.

आतली मांडणी अब्बांनी सांगितली. पाण्याची साठ लिटरची टाकी भावाला टपावर बसवायची होती. अब्बा म्हणाले, "साठ लिटर म्हणजे साठ किलो. वजन वर गेलं की गाडी वळणावर झुलणार. खाली ठेव, मागच्या चाकाच्या थोडं पुढे." टाकी खाली गेली. दिवसा बाक आणि रात्री पलंग होईल अशा दोन फळ्या, पाच किलोचा छोटा सिलिंडर, दोन बर्नरची शेगडी, मागच्या कोपऱ्यात बंद दाराचा छोटा संडास, आणि मधोमध जाड पडदा. पडद्याच्या मागे मी आणि मुलगी, पुढे अब्बा आणि मिस्टर. दीर आणि माझा मुलगा तंबूत झोपणार, आणि थंडी वाढली की एखाद्या घरगुती मुक्कामात खोली घेणार, असं ठरलं.

भगिनींनो, प्रवासात आपली खरी अडचण कोणती असते ते आपण घरात बोलत नाही. पण त्या अडचणीपायीच आपण दिवसभर पाणी पीत नाही आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो. या गाडीत ती चिंता मिटली. जेवण हलाल आहे की नाही हे विचारायची वेळ आली नाही, कारण चूल आपली होती. वुजूला पाणी होतं, नमाजला आडोसा होता. गाडीचा खर्च हॉटेलपेक्षा कमी आला असं मी म्हणणार नाही, डिझेल बरंच लागतं. पण बाईमाणसाला मोकळेपणा मिळाला, हे खरं.

११ एप्रिलला ईद झाली. १५ तारखेला फजरनंतर निघालो. नाशिक, धुळे, सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा असा तो जुना मुंबई-आग्रा रस्ता. लोकसभेच्या निवडणुकीचे दिवस होते. मध्य प्रदेशात शिरताच तपासणी नाक्यावर गाडी अडवली. रोकड शोधणाऱ्या त्या जवानाने माझे सगळे डबे उघडायला लावले. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, सुकं बोंबील आणि ईदच्या उरलेल्या शेवया. बोंबलांचा डबा उघडल्यावर पुढची तपासणी लवकर आटोपली.

मैदानात ऊन चाळिशीला टेकलेलं. दुपारी झाडाखाली थांबायचं, पहाटे आणि संध्याकाळी गाडी चालवायची. जुहर, असर आणि इशाच्या चार रकातच्या फर्ज नमाजा मुसाफिराला दोनच. मुलीने विचारलं, "दादा, अर्धी नमाज चालते?" अब्बांनी तिला हजरत उमर (रजि.) यांची गोष्ट सांगितली. धोका उरला नाही तरी प्रवासात नमाज कमी का करायची, असा प्रश्न त्यांनाही पडला होता. तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना समजावलं, की हा अल्लाहने दिलेला सदका आहे, तो स्वीकारा. मुलगी म्हणाली, "म्हणजे अल्लाहने दिलेली सुट्टी." अब्बा हसले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

मुलीकडे होकायंत्र होतं. किब्ला शोधायचं काम तिचं. पुण्यात आपण पश्चिमेकडून किंचित उत्तरेला वळून उभे राहतो. जसजसं उत्तरेला जाऊ तसतशी ती दिशा सरकत जाते. हिमाचलात पोहोचेपर्यंत किब्ला पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला आला. ज्या मक्केकडे आपण एकाच खिडकीच्या अंदाजाने उभे राहतो, तिच्यासाठी इथे वळावं लागतं, हे तिला वहीत आकृती काढून समजलं. भूगोलाच्या पुस्तकातून इतकं पक्कं समजलं नसतं.

पाचव्या रात्री सिमल्याजवळ पोहोचलो. पुढे रामपूर, आणि तिथून सतलजच्या काठाने किन्नौर. हा जुना हिंदुस्थान-तिबेट रस्ता. १८५० साली लॉर्ड डलहौसीच्या काळात त्याचं काम सुरू झालं. तरांडा ढांकजवळ तर डोंगराचा कडा कोरून रस्ता काढला आहे. डोक्यावर खडकाचं छत आणि खाली थेट नदी. मी डोळे मिटून आयतुल कुर्सी पढत होते. अब्बा मात्र खिडकीतून समोरून येणाऱ्या गाड्या मोजत होते. "ही बघ ट्रॅव्हलर. ही आणखी एक." त्या पहाडात प्रवासी वाहणाऱ्या इतक्या ट्रॅव्हलर दिसल्या, की आपला चाकण चौकच कुणी वर आणून ठेवलाय असं वाटावं. रामपूरला एका मिस्त्रीकडे ब्रेक तपासायला थांबलो. अब्बा त्याच्याशी पुढच्या अ‍ॅक्सलबद्दल तासभर बोलले. तो मिस्त्री अर्ध्या वयाचा, पण निघताना त्याने अब्बांचा हात दोन्ही हातांत धरला. "हे भाग कुठे घडतात ते मला ठाऊक नव्हतं," म्हणाला. चौतीस वर्षांत अब्बांच्या कामाला अशी दाद मी तरी पहिल्यांदाच ऐकली.

कल्प्याला दोन रात्री राहिलो. उंची सुमारे २,९६० मीटर. आपलं पुणे साडेपाचशेच्या आसपास. आपल्याकडे एप्रिल म्हणजे उन्हाळा, तिकडे वसंताची नुकती सुरुवात. जर्दाळूची झाडं पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरलेली, सफरचंदाला कळ्या, आणि समोर किन्नर कैलासच्या रांगेवर पांढराशुभ्र बर्फ. ओढ्यांना बर्फाचं पाणी सुटलेलं. पहाटे सिलिंडर रुसायचा. थंडीत आतल्या गॅसची वाफ नीट होत नाही, ज्योत बारीक होते. मग रात्री सिलिंडरभोवती जुनी गोधडी गुंडाळून ठेवायला लागलो. उंचावर पाणी लवकर उकळतं, पण ते तितकं तापलेलं नसतं. नाकोच्या उंचीवर तर साधारण ८८ अंशांनाच उकळतं. कुकरशिवाय डाळ शिजत नाही. घरून कुकर न्यायला मिस्टर नको म्हणत होते, ते नंतर मुकाट जेवले.

इथवर सगळं अल्हम्दुलिल्लाह छान चाललं होतं. मग आमची चूक झाली.

कल्प्याहून पुढचा मुक्काम आम्ही नाकोला ठरवला होता. नाको सुमारे ३,६६० मीटरवर. म्हणजे एका दिवसात झोपण्याची उंची सातशे मीटरने वाढली. पहाडात फिरणाऱ्यांसाठी डॉक्टरांचा साधा नियम आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. नियम दिराला माहीत होता. पण मधल्या गावात थांबलो तर एक दिवस जाईल, पुढे ताबो आणि काझाला वेळ कमी पडेल, असा हिशेब आम्ही सगळ्यांनी मिळून केला. त्या हिशेबात सदुसष्ट वर्षांचा माणूस धरलाच नव्हता.

२३ तारखेला नाकोला पोहोचलो. छोटं गाव, मातीची सपाट छपरं, मधे तळं, तळ्याच्या सावलीच्या कडेला अजून बर्फ. अब्बा जेवले नाहीत. "बसून बसून भूक मेली," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर ते बाहेर नळाच्या पाण्याने वुजू करत होते. पाणी इतकं गार, की बादलीवर पापुद्रा धरलेला. मी म्हटलं, "अब्बा, पाणी गरम करून देते ना." ते म्हणाले, "सिलिंडर जपून वापर बेटी. मला सवय आहे." चामडी मोजे आम्ही मुद्दाम आणले होते. वुजू करून एकदा घातले की मुसाफिराला तीन दिवस-रात्र पाय न धुता त्यांच्यावर ओला हात फिरवला तरी चालतो. ते मोजे त्यांच्या पिशवीत तसेच घडी घातलेले होते.

दिवसभर ते उन्हात बसून राहिले. विचारलं की "ठीक आहे" म्हणायचे. असरच्या वेळी मुलगी पळत आली. "मम्मी, दादा भिंत धरून चालतायत."

मी जाऊन पाहिलं. ते सरळ चालू शकत नव्हते. बसल्या जागी दम लागत होता. कोरोनाच्या काळातलं बोटाला लावायचं यंत्र आमच्याकडे होतं, त्यात आकडा ७४ आला. माझा ८८ होता. मग त्यांनी कबूल केलं, की डोकं आदल्या रात्रीपासून फुटत होतं आणि पहाटे दोनदा उलटीही झाली होती.

"मग सांगितलं का नाही?" मिस्टर जवळजवळ ओरडलेच.

अब्बा खाली मान घालून म्हणाले, "तुमची सहल मोडली असती."

मिस्टरांचं म्हणणं पडलं, की रात्र इथेच काढू, आराम करू द्या, अंधारात त्या रस्त्यावर नको. दीर म्हणाला, आत्ता निघू. ज्यांच्या घरी खोली घेतली होती ती बाई लोकरीचं सूत काततच बाहेर आली. अब्बांकडे एकदा पाहिलं आणि हिंदीत एवढंच म्हणाली, "सकाळची वाट बघू नका. खाली न्या. उजेड आहे तोवर निघा." खोलीचे पैसेही घेईना, मी बळेच उशीखाली ठेवले.

नाकोहून खाबकडे उतरणारा रस्ता वळणावळणांचा. स्पिती आणि सतलज जिथे मिळतात तिथवर तो सुमारे हजार मीटर खाली येतो. अब्बांना बाकावर टेकून बसवलं, आडवं पडलं की दम वाढत होता. दिराने गाडी अगदी सावकाश आणली. मी एका हाताने त्यांना धरलं होतं आणि दुसऱ्या हातात तस्बीह. गाडीत कुणी बोलत नव्हतं. पूहच्या सरकारी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा मगरिब झाली होती. डॉक्टरांनी तपासलं, ऑक्सिजन लावला, औषध दिलं आणि म्हणाले, की आणलंत ते बरं केलंत, रात्रभर वर राहिला असतात तर सांगता आलं नसतं. फुप्फुसात पाणी भरायला लागलं की चालता बोलता माणूस काही तासांत जातो. त्यावर पहिला इलाज उतरणं हाच.

पहाटे अब्बांनी चहा मागितला. मी तिथेच सजद्यात गेले.

फजरची वेळ होती. ते पलंगावरून उठायला लागले. मिस्टरांनी त्यांचा खांदा धरला. "पाण्याला हात लावायचा नाही अब्बा. डॉक्टरांनी गार पाणी नको म्हटलंय. तयम्मुम करा आणि बसून पढा." अब्बा काही बोलणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "दादा, तुम्हीच सांगितलं होतं ना, अल्लाहने दिलेली सुट्टी?"

त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मुलाने बाहेरून आणलेल्या कोरड्या दगडावर हात टेकले.

नंतर चहा पिताना ते स्वतःहून बोलले. "कारखान्यात बेअरिंग तापलं की आम्ही मशीन बंद करायचो. साहेबाला विचारायची गरज नसायची, तो आमचा अधिकार होता. स्वतःसाठी तो कधी वापरला नाही. ताप असला तरी कामावर जायचो आणि त्याचा मला अभिमान होता."

हे ऐकून मला हजरत अम्र बिन आस (रजि.) यांचा किस्सा आठवला. मोहिमेवर असताना अतिशय थंड रात्री त्यांना गुस्लची गरज पडली. गार पाण्याने आंघोळ केली तर जीव जाईल अशी भीती वाटली, म्हणून तयम्मुम करून त्यांनी साथीदारांना नमाज पढवली. परतल्यावर तक्रार झाली. स्वतःचा जीव धोक्यात घालू नका हा कुरआनचा आदेश आठवून तसं केलं, असं त्यांनी सांगितलं. त्यावर प्रेषित (सल्ल.) हसले आणि काही बोलले नाहीत. आमच्या घरात हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. तरी थंड बादलीसमोर तो कुणाला आठवला नाही.

पूहहून आम्ही रेकाँग पिओला आलो. तिथे जिल्ह्याच्या रुग्णालयात अब्बांना पुन्हा दाखवलं, दोन दिवस थांबलो आणि परतीला लागलो. मुलाचा चेहरा पडलेला होता. ताबोचा ९९६ साली बांधलेला मठ त्याला बघायचा होता, काझाचा उंचावरचा पेट्रोल पंप बघायचा होता. दहावीच्या परीक्षेनंतरचं त्याचं हे बक्षीस होतं. अब्बांनी त्याला जवळ बसवलं. "तू परत ये. तेव्हा मी कल्प्याला थांबेन, जर्दाळूखाली खुर्ची टाकून. तू वर जाऊन ये आणि मला सांग." मुलगा काही बोलला नाही. पण परतीच्या पूर्ण रस्त्यात दादांच्या औषधाच्या वेळा त्याने सांभाळल्या.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरी पोहोचलो. १३ मेला अब्बांनी रांगेत उभं राहून मतदान केलं. आता ते गुडघा दुखला की मशिदीत खुर्ची घेतात. पूर्वी खुर्चीवरच्या लोकांकडे जरा कमीपणाने बघायचे, हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

अशा प्रवासाला निघणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगते. म्हातारं माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर सगळ्यांत अशक्त माणसाच्या बेताने मुक्काम ठरवा. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवा. उंचीवरची गोळी त्यांच्या सल्ल्यानेच घ्या, ती सगळ्यांना चालत नाही. डोकेदुखी, उलटी, झोप न लागणं ही लक्षणं दिसली की आणखी वर जाऊ नका. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी दम लागला तर तासही न घालवता खाली या, बोटावरचा आकडा काहीही असो. आणि परतीच्या तारखेत तीन दिवस मोकळे ठेवा. आमच्याकडे ते असते तर आम्ही मधल्या गावात थांबलो असतो. प्रवासातली नमाज, तयम्मुम, मोज्यांवरचा मसह यांचे मसले निघण्याआधी आपल्या आलिमांना विचारून घ्या. शाफई आणि हनफी घरांत काही फरक आहेत.

आणखी एक. आपल्या पट्ट्यात प्रत्येक घरात असा एक माणूस आहे, जो "ठीक आहे" म्हणतो. कधी तो बाप असतो, कधी पहाटेच्या शिफ्टला डबा करून देणारी आई. त्याच्या "ठीक आहे"वर विश्वास ठेवू नका. मी ठेवला होता. माझ्या मुलीने ठेवला नाही, म्हणून आज अब्बा बाल्कनीत बसून चहा मागत आहेत.

तो देऊन येते. अल्लाह हाफिज.